गळ टाकताना डासांपासून बचाव



उसाला पाण्याची पाळी देऊन झाली की संध्याकाळी नदीवर नाहीतर तळ्यावर गळ टाकून बसणारे आपल्यात पुष्कळ. मासा लागो न लागो, डास मात्र हटकून चावतात. ते माणूस कसा हुडकतात हे आपण समजून घेतले तर उपाय सोपा आहे.

आपल्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइड वायूच्या मागावर डासाची मादी येते. जवळ आल्यावर अंगाची ऊब, घामाचा वास आणि गडद रंग तिला ओढतात. अंड्यांसाठी रक्त लागते म्हणून मादीच चावते. हिवताप पसरविणारा अ‍ॅनॉफिलीस सांजेपासून पहाटेपर्यंत चावतो, डेंग्यूचा एडिस दिवसा. तेव्हा दुपारीही गाफील राहून चालायचे नाही.

आमचे सांगणे असे :

१) फिकट रंगाचा, सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा.

२) वारा लागेल अशा उघड्या काठावर बसावे. वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही.

३) 'डीट' असलेले मलम उघड्या अंगाला लावावे, डोळे, तोंड व जखमा सोडाव्यात. त्याने प्लॅस्टिक खराब होते, म्हणून तळहात धुऊनच सामानाला हात लावावा. कडुलिंबाचे तेल थोडाच वेळ टिकते.

४) धूर करायचा तर पाचटापासून लांब. ठिणगी उडाली तर उभा ऊस जायचा!

अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून हौद, पिंपे आठवड्यातून एकदा कोरडी करावीत. थंडी वाजून ताप आलाच तर अंगावर काढू नये; रक्त तपासून घ्यावे.