प्रश्नासाठी देणगी मागताना

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्या आजारामुळे मी पुण्यातल्या एका आधारगटात जाऊ लागले आणि तिथल्या इतर घरांबरोबर बरीच वर्षं मानसिक आजारांवरच्या संशोधनासाठी निधी जमवते आहे. नाटकाचे प्रयोग, सकाळच्या फेऱ्या, चित्रपट दाखवून चर्चा, स्मरणिका, सगळं करून झालं. या कामात नव्याने उतरणारे विचारत असतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. आधी प्रश्न ठरवावा, मग सभागृहाची तारीख

‘मानसिक आरोग्याच्या संशोधनाला मदत करा’ म्हटलं की लोक आदराने ऐकतात आणि पुढे जातात. ‘एखाद्या रुग्णाचं महिन्याचं औषध सांगा, आत्ता देतो’ म्हणणारे मात्र पुष्कळ भेटतात. त्यांचं काही चुकत नाही, औषधाची पट्टी हातात धरता येते. संशोधन लोकांना दिसायला हवं असेल तर प्रश्न नेमका हवा, आणि तो आजार भोगणाऱ्या घरातून आलेला हवा.

आमच्या गटात असा प्रश्न एका आईने विचारला. मुलाच्या कानातले आवाज थांबले, तो सगळ्यांबरोबर जेवायला बसू लागला. पण वर्षभरात त्याला जुनी एकही पँट होईना आणि रक्तातली साखर वाढली. ओलांझापिन, क्लोझापिन यांसारख्या औषधांनी वजन आणि साखर वाढू शकते, हे डॉक्टरांनी तिला आधीच सांगितलं होतं. तिला पुढचं हवं होतं. एकाचं वजन वाढतं आणि दुसऱ्याचं का वाढत नाही? दिवसाचे बरेच तास पडून असणाऱ्या आमच्या मुलांना झेपेल आणि महिनोन् महिने टिकेल, असा कोणता उपाय आहे? दुसरा प्रश्न छोट्या अभ्यासात हाताळता येईल, असं एका मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं आणि आमच्या निधीला कारण मिळालं.

मग आम्ही त्यांच्याकडून खर्चाची यादी मागितली. संशोधन साहाय्यकाचं मानधन, वजन, कमरेचा घेर, लिपिड प्रोफाइल आणि ‘तीन महिन्यांची साखर’ पुन्हा पुन्हा तपासण्याचा खर्च, बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णाचं आणि सोबतच्या माणसाचं एसटीचं भाडं, एथिक्स कमिटीसाठी लागणारे कागद, मराठीतली संमतिपत्रं. ही यादी आम्ही प्रवेशिकेच्या मागे छापली. एका निवृत्त शिक्षकांनी ती तिथेच उभ्याने वाचली आणि एका रुग्णाचं वर्षभराचं एसटी भाडं आपल्याकडे घेतलं. संशोधन म्हणजे काय, हे माझ्या कोणत्याही भाषणापेक्षा त्या यादीतून लोकांना जास्त कळलं आहे.

२. बरं होण्याचं आश्वासन देऊ नये

निवेदकाला मोह होतो. ‘तुमच्या देणगीतून उद्या या आजारावर इलाज सापडेल’ हे वाक्य टाळ्या घेतं, आणि समोर बसलेल्या आई-वडिलांच्या मनात आशा लावून जातं. ते मी आमच्या व्यासपीठावरून कोणालाही बोलू देत नाही.

खरा इतिहास सांगितला तर लोक नीट ऐकतात. उन्मादावरचा लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेत त्या औषधाला मान्यता मिळाली १९७० मध्ये. मधली दोन दशकं कोणीतरी मात्रा तपासत होतं, दुष्परिणाम मोजत होतं. आपल्या देशातलंही उदाहरण आहे. चेन्नईत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्किझोफ्रेनियाच्या नव्वद नव्या रुग्णांपासून एक अभ्यास सुरू झाला आणि पंचवीस वर्षांपर्यंत त्यांचा माग ठेवला गेला. कोण कामाला लागलं, कोणाचं लग्न टिकलं, कोणाचा आजार उलटला. घर बदललेल्या माणसाचा नवा पत्ता शोधून काढणं, हे त्यातलं संशोधन. डॉ. शारदा मेनन यांनी त्याच शहरात १९८४ मध्ये ‘स्कार्फ’ ही स्किझोफ्रेनियावर काम आणि संशोधन करणारी संस्था उभी केली. आमच्या देणगीदारांना मी हे सांगते आणि पुढे हेही सांगते की तुमच्या पैशांतून कदाचित एक तक्ता निघेल आणि त्याचं उत्तर ‘फरक पडला नाही’ असंही असेल. या बोलण्याने पैसे कमी होतील, अशी भीती गटात सर्वांना होती. देणगीदार तरीही दरवर्षी येतात.

३. ‘हे सरकारचं काम आहे’ याला उत्तर तयार ठेवावं

हो, सरकारचंही आहे. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, म्हणूनच आज आपण सांगू शकतो की प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. पण ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. सभागृहात हे सांगितलं की लोक एकमेकांकडे बघतात.

कर्करोगाशी तुलनाही होतेच. ‘एमक्यू’ या ब्रिटिश संस्थेने तिथला हिशेब मांडला होता: सरकार संशोधनावर एक पौंड खर्च करतं तेव्हा सामान्य लोक कर्करोगासाठी २.७५ पौंड देतात आणि मानसिक आजारांसाठी पेनीचा तिसरा हिस्साही देत नाहीत. लोकांचं मन कोरडं आहे असं मला यावरून वाटत नाही. त्यांच्याकडे कोणी नीट मागितलेलंच नाही.

४. नाटकाचा प्रयोग: पैसा तिकिटांत कमी, स्मरणिकेत जास्त

पुण्यात साहाय्यार्थ प्रयोगाची रीत जुनी आहे. मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाईंच्या प्रतिष्ठानाने एक लाख रुपये दिले होते; नाटकातून आलेला पैसा अशा कामाकडे वळवणं या शहराला परकं नाही. त्याचा फायदा आजही मिळतो. प्रयोग विकत घ्यायला गेल्यावर निर्माते कारण विचारतात आणि बऱ्याचदा रक्कम उतरवतात.

तरीही सभागृहाचं भाडं, प्रयोगाची रक्कम, छपाई आणि चहापाणी वजा केल्यावर देणगी प्रवेशिकांमधून फारसं उरत नाही. उरतं ते स्मरणिकेतल्या जाहिरातींचं. त्यासाठी औषधाच्या दुकानदारापासून सराफापर्यंत प्रत्येकाकडे स्वतः जावं लागतं, आणि तेही गणपतीच्या वर्गणीचा हंगाम सोडून. फोनवर जाहिरात मिळत नाही. दुकानात गेलं, दोन मिनिटं बोललं, की काउंटरपलीकडचा माणूस आवाज खाली आणून म्हणतो, ‘ताई, आमच्या मेहुण्याला पण असंच आहे.’ त्या वेळी जाहिरातीचा विषय बाजूला ठेवावा आणि त्याचं ऐकावं. आमच्या आधारगटात आलेली कितीतरी घरं अशी दुकानांतून आली आहेत.

मध्यंतरातलं निवेदन पाच मिनिटांचं असावं. लोक नाटक बघायला आलेले असतात, त्यांची संध्याकाळ आपली नसते.

५. चित्रपट

सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा स्किझोफ्रेनियावरचा ‘देवराई’ (२००४) दाखवून चर्चा ठेवली की खर्च कमी येतो आणि लोक मनापासून बोलतात. या चित्रपटामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. ते कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीचा आजार जवळून पाहिल्यावर त्यांनी पुण्यात १९९७ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ सुरू केली. घरातल्या दुःखाचं काय करता येतं, याचं याहून मोठं उदाहरण मला मराठी माणसांत दिसत नाही.

६. व्यासपीठावर कोणाला उभं करावं

हा माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा आहे. रुग्णाला मंचावर आणून त्याचं दुःख सांगायला लावलं की देणग्या वाढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि म्हणूनच ते होऊ देत नाही. ज्याला स्वतःहून बोलायचं आहे त्याने जरूर बोलावं. आधी काय बोलणार ते त्याने ठरवावं, सकाळी उठून नको वाटलं तर कारण न देता नाही म्हणावं, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याची जागा भरून काढायची तयारी आपण ठेवावी. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला मनाई करतो. पत्रकार मित्रांना हे आधीच सांगून ठेवावं. डोकं धरून अंधारात बसलेल्या माणसाचं चित्र पोस्टरवर नको.

माझा भाऊ बोलत नाही. तो प्रवेशिकांच्या टेबलावर बसतो, पावत्यांचे आकडे जुळवतो आणि चूक सापडली की ‘ताई, हे बघ’ म्हणून हाक मारतो. गटातली मुलं-मुली दिवाळीला पणत्या आणि उटणं विकतात, ते पैसे त्यांच्या कष्टाचे असतात. ते संशोधनाच्या निधीत घालायचे नाहीत, हा नियम आम्ही पहिल्यापासून पाळला.

७. ‘माझं नाव नको’

सर्वांत मोठ्या देणग्या बहुधा याच वाक्याने येतात. मुलीचं लग्न ठरायचं असतं, सुनेच्या माहेरी माहीत नसतं. संस्थेच्या वहीत देणाऱ्याचं नाव-पत्ता लिहावाच लागतो. पण तो छापावा लागत नाही. हे त्यांना आधी समजावून सांगावं आणि मग शब्द पाळावा. आमच्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी नसते. नावांशिवाय जाहिराती येणार नाहीत, असं छापखान्यातले काका म्हणाले होते. त्या येत राहिल्या.

८. हिशेब

नोंदणीकृत न्यास नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. न्यासाच्या नावाने जमवत असाल तर संशोधनाचं खातं वेगळं ठेवा. रोख दोन हजार रुपयांवर असेल तर देणाऱ्याला देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही, हे पावती फाडण्याआधीच सांगा. परदेशातल्या नातेवाइकांना एक प्रश्न आवर्जून विचारा: पासपोर्ट कोणता? भारतीय नागरिक असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम चालते. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती विदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच घेता येते.

९. मे महिन्यातली फेरी

२४ मे हा स्किझोफ्रेनिया दिन. ऊन, सुट्ट्या, अर्धं पुणं गावाला. पैसे जमत नाहीत. पण सकाळी सहाला फेरी काढली की टेकडीवर फिरायला आलेले लोक थांबून विचारतात. निधीसाठी १० ऑक्टोबरच्या, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या, आसपासचे दिवस बरे, फेरी मात्र मेमध्येही काढावी.

१०. उत्तर घेऊन परत जावं

अभ्यास संपल्यावर संशोधकांनी देणगीदारांसमोर येऊन मराठीत सांगावं, ही अट आम्ही पैसे देतानाच घालतो. आमच्या पहिल्या अभ्यासाचं उत्तर साधं होतं: एकट्याने व्यायाम करायला सांगितलेली मुलं लवकर सोडून देत, गटाने चालणारी जास्त टिकली. अभ्यास लहान आहे, यावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्या बैठकीत मागच्या रांगेतले एक वडील उठले आणि त्यांनी विचारलं, ‘मुलगा पाच वर्षं बरा आहे. औषध कमी करता येईल का आणि कोणाचं करता येईल, हे आधी ओळखता येतं का?’ हा प्रश्न मोठा आहे, एका गटाच्या निधीत बसणारा नाही. त्यातला किती तुकडा आपल्याला पेलेल, याचा अंदाज आणि खर्चाची यादी आम्ही डॉक्टरांकडे मागितली आहे. यादी आली की प्रवेशिकेच्या मागे छापू.