कर्करोग पुन्हा उद्भवला असता

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पुरे होऊन तपासण्यांच्या तारखा वर्षानुवर्षे निर्वेध पार पडल्यावर तोच विकार जेव्हा जुन्या व्रणाजवळ किंवा पाठीच्या मणक्यात पुनश्च प्रकट होतो, तेव्हा 'माझे काय चुकले?' असा प्रश्न भगिनी प्रथम विचारतात. काहीही चुकलेले नसते. पहिल्या उपचारांतून निसटलेल्या पेशी शरीरात दीर्घकाल सुप्त राहू शकतात, आणि स्त्री-संप्रेरकांवर पोसणाऱ्या गाठी तर १०-१५ वर्षांनीही डोके वर काढतात. पथ्यातील कसुरीशी त्याचा संबंध जोडणाऱ्या शेजारणींचे बोलणे मनावर घेऊ नये.

जुन्या दप्तरावर विसंबून नवी औषधे सुरू करणे मात्र इष्ट नव्हे. शक्य असेल तेथे नव्या गाठीची बायप्सी करून घ्यावी, कारण ईआर, पीआर (स्त्री-संप्रेरकांचे ग्राहक) आणि हर-टू (पेशींवरील एक प्रथिन) या चाचण्यांपैकी एखादीचा निकाल बदललेला निघाला तर उपचारांची सारी योजनाच बदलते.

आपल्याकडे निदान बाहेर व्हरांड्यात चिरंजीवांना सांगितले जाते आणि आत बाईंना 'थोडी सूज आहे' एवढेच कळते, ही रीत कितीही मायेपोटी आलेली असली तरी मला मान्य नाही. रोग स्तनापुरता किंवा छातीच्या भिंतीपुरता परतला असेल, तर तो समूळ काढण्याच्या हेतूने उपचार करणे पुष्कळदा शक्य असते; हाडे, यकृत किंवा फुप्फुसे यांत पसरला असेल, तर तो बहुधा निर्मूल होत नाही, परंतु गोळ्या, इंजेक्शने किंवा केमोने काबूत ठेवता येतो, आणि अशा अवस्थेत कित्येक जणी वर्षानुवर्षे संसार सांभाळतात. यांतील आपली स्थिती कोणती, हे रुग्णाने स्वतः विचारावे. परळच्या टाटा रुग्णालयात येण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किती मुक्काम करावा, आणखी एक केमो पत्करावी की नाही, मुलीचे लग्न अलीकडे घ्यावे का, हे निर्णय त्या उत्तरावाचून कसे करणार?

केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरेनहाइटवर गेला, किंवा पाठदुखीबरोबर पायांतले बळ गेले वा लघवी अडली, तर पुढील तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. वेदनेबाबतही मौन नको. मॉर्फीनचे नाव ऐकताच कुटुंबे धास्तावतात, पण देखरेखीखाली दिल्यास त्याचे व्यसन लागण्याचा संभव फार थोडा असतो. बद्धकोष्ठ होते खरे, म्हणून त्यासोबत सारक औषध लिहून मागावे.