चुकलेला टेकू उखडू नका

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या पोरांनी ज्याला नुसतं ‘मुस्तफा’ म्हटलं, तो कॅपकॉमचा १९९३चा खेळ आता घरीच केलेल्या आर्केड कॅबिनेटमध्ये खेळायची हौस अनेकांना असते. छोटा संगणक, जुना मॉनिटर, जॉयस्टिक आणि प्लाय एवढ्यावर काम भागतं. अडतं ते आतल्या लाकडी पट्टीपाशी. दोन्ही बाजूंच्या फळ्यांना आतून जे टेकू मारलेले असतात, त्यांतला एक जरी पाऊण इंच पुढे-मागे झाला, तरी कंट्रोल पॅनेल बसत नाही. मग हात सरळ पटाशी-हातोड्याकडे जातो. माझं सांगणं असं, की फेविकॉल सुकलेला असेल तर टेकू उखडायचा नाही, आहे तिथेच दुरुस्त करायचा.

याचं कारण जोडातच आहे. पांढरा फेविकॉल लाकडाच्या रंध्रांत मुरून सुकतो. नीट दाबून बसवलेला जोड ओढला तर फाटतं ते लाकूड, फेविकॉल नव्हे. आणि प्लाय म्हणजे उभे-आडवे चिकटवलेले पातळ थर; टेकूबरोबर वरचा थर सोलून येतो, कधी त्याखालचाही. मग नवा टेकू खड्ड्यावर बसतो आणि पहिल्याइतका धरत नाही. इस्त्रीनं तापवून जोड सोडवा, असंही सांगतात. फेविकॉल उष्णतेनं मऊ पडतो हे खरं. पण लाकडातून ऊब सावकाश आत जाते, ती जोडापर्यंत पोचेतो वरची बाजू करपते. नुसत्या स्क्रूवरचा टेकू मात्र खुशाल काढावा. फक्त नवं भोक जुन्याच्या एक-दोन सुतांवर येत असेल, तर स्क्रू घसरून जुन्या भोकात जातो. त्यासाठी जुन्या भोकात सागवानाची काडी फेविकॉल लावून ठोकावी, सुकल्यावर सपाट कापावी आणि मगच नवं भोक पाडावं.

टेकू चुकतो तो बहुतेकदा पॅनेलची जाडी वजा करायची राहिल्यामुळे. त्यात परदेशी नकाशे पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटरच्या फळीवर आखलेले असतात आणि आपल्याकडे प्लाय बऱ्याचदा मिळतो १८ मिलिमीटरचा. तीन फळ्यांच्या जाड्या एकापुढे एक आल्या की एक सूत गेलंच. म्हणून दुरुस्तीचं माप नकाशावरून घेऊ नये. प्रत्यक्ष पॅनेल जागेवर धरून त्याच्या मागच्या कडेची रेघ गुण्यानं टेकूवर मारावी. टेकू मागे गेला असेल तर पुढून तेवढ्या जाडीची पट्टी चिकटवली की झालं. पुढे आला असेल तर रेघेपर्यंतचं लाकूड काढावं लागतं. वाटेतले स्क्रू आधी काढावेत, दर इंचाला करवतीचे आडवे काप द्यावेत, ते प्लायला टेकायच्या जरा आधी थांबवावेत. मग पटाशीनं ढलप्या काढत जावं. शेवटचा पातळ पापुद्रा ठोकळ्याला गुंडाळलेल्या खरखरीत पॉलिश पेपरनं घासावा, पटाशीनं नको.

अर्धा तासलेला टेकू वजन पेलेल का, हा आक्षेप रास्त आहे. दीड इंचाची पट्टी पाऊण इंच उरली तरी फूटभर लांबीचा फेविकॉलचा जोड पॅनेलला आणि काही किलोच्या सपाट मॉनिटरला पुरतो. जुनी काचेची पिक्चर ट्यूब असेल तर नाही. ती वजनदार असते. तिच्याखाली तळापर्यंत उभे पाय द्यावेत. शिवाय प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार राहू शकतो, तेव्हा टेकूच्या कामाआधी तो जाणकाराकडून उतरवून घ्यावा. दुसरा आक्षेप दिसण्याचा; टेकू आत असतो, काळा रंग मारला की जोड कुणाला दिसत नाही.

टेकू दुरुस्त न करता फटीत पाचर ठोकून वेळ मारून नेणाऱ्यांनी आपल्या बुलढाणा जिल्ह्याची हवा ध्यानात घ्यावी. घाटाखाली खामगाव, मलकापूर, शेगावकडे उन्हाळ्यात लाकूड कोरडं पडून आकसतं, पाचर सैल होते. त्याच खोलीत कूलर लागला की पट्टी ओल धरते. पावसाळ्यात ती आणखी फुगते. घाटावर ऊन जरा कमी, पण लाकडाचं हे फुगणं-आकसणं तिथेही चुकत नाही. म्हणून टेकू तासताना पॅनेलच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या सुताची फट ठेवावी, उघड्या पडलेल्या लाकडाला रंगाचा हात द्यावा आणि कॅबिनेट कूलरच्या झोतापासून दूर उभं करावं.