नदीचं पाणी गाळणारी बाग

प्रश्न : शांघायमध्ये नदीकाठी एक बाग आहे आणि कारखान्यांनी नासवलेलं नदीचं पाणी तिच्यातून स्वच्छ होऊन बाहेर पडतं, असं वाचलं. हे खरं का? नुसत्या झाडांनी रसायनं कशी जातील? आणि जात असतील, तर आमच्या पंचगंगेवर असं का करत नाहीत? तिथे म्हणे भातही लावला आहे. तो खातात का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बाग खरी आहे. तिचं नाव होउतान पार्क. शांघायमधून वाहणाऱ्या हुआंगपू नदीच्या काठी ती २०१० च्या जागतिक प्रदर्शनासाठी तयार झाली. जागा अगदी टाकाऊ होती. आधी तिथे पोलाद कारखाना आणि जहाजबांधणी होती, पुढे राडारोडा आणि कारखान्यांचं सामान टाकायला ती वापरली गेली. नदीचं पाणी चीनच्या वर्गवारीत शेवटच्या, म्हणजे पाचव्या वर्गातही बसत नव्हतं. यू कोंगज्यान आणि त्यांच्या तुरेनस्केप या संस्थेने काठावरची काँक्रीटची पूरभिंत काढून दगडांचा उतार केला आणि नदीला समांतर सुमारे १.७ किलोमीटर लांब, कुठे पाच तर कुठे तीस मीटर रुंद अशी पाणथळ पट्टी आखली. नदीचं पाणी आत घ्यायचं, भिंतीवरून टप्प्याटप्प्याने खाली पाडायचं म्हणजे त्यात हवा मिसळते, मग गवता-वेतांच्या वाफ्यांमधून ते संथपणे फिरवायचं. दिवसाला २,४०० घनमीटर, म्हणजे २४ लाख लिटर पाणी अशा रीतीने तिसऱ्या वर्गापर्यंत सुधारतं, असं रचनाकारांनी नोंदवलं आहे. तिसऱ्या वर्गाचं पाणी थेट पिण्याचं नव्हे. बागेला, सफाईला आणि पुढच्या शुद्धीकरणाला चालेल असं. (यू यांचं सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये विमान अपघातात निधन झालं. पावसाचं पाणी शहरातच मुरवण्याची त्यांची ‘स्पंज सिटी’ची कल्पना पुढे चीन सरकारने उचलली. आपल्याकडच्या नगररचनाकारांनी ती नुसती भाषणात न वापरता वाचायला हवी.)

आता झाडांचं. झाडं यात फारशी रसायनं ‘पीत’ नाहीत. ती घर बांधतात, त्यात राहणारे जिवाणू काम करतात. पाणकणीस, नळ या पाणवनस्पतींची खोडं आतून पोकळ, भेंडासारखी असतात. त्या वाटेने पानांकडची हवा चिखलातल्या मुळांपर्यंत पोचते. त्यामुळे मुळाभोवती प्राणवायूचं पातळ कवच तयार होतं आणि तिथून थोडं दूर गेलं की चिखलात प्राणवायू मुळीच नसतो. एका बोटाच्या अंतरात दोन वेगळी जगं. पहिल्या जगातले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, दुसऱ्यातले त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. सांडपाण्यातलं नत्र असं खरोखर नाहीसं होतं. जर्मनीत केटे सायडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात याचे प्रयोग सुरू केले. लव्हाळ्यासारखी पाणवनस्पती फिनॉलसुद्धा निकामी करायला मदत करते, हे त्यांनी दाखवलं, तेव्हा अभियंत्यांचा त्यावर विश्वास बसायला बरीच वर्षं लागली.

स्फुरदाची गोष्ट वेगळी. ते मातीतल्या लोह-ॲल्युमिनियमला चिकटून राहतं, थोडं झाडात जातं. झाड वेळेवर कापून बाहेर नेलं नाही तर ते कुजून सगळं पुन्हा पाण्यात. तुमच्याकडचं केंदाळ याचं उत्तम उदाहरण. पंचगंगेतली पोषकद्रव्यं शोषूनच ते एवढं माजतं. ते काढून काठावरच ढीग लावला की पहिल्या पावसात परत नदीत.

आणि धातू? जस्त, तांबं, शिसं, कॅडमियम यांना खाणारा जिवाणू कुठलाच नाही. बिनहवेच्या चिखलात सल्फाइड तयार होतं, धातू त्याला बांधले जातात आणि तळाशी बसतात. पाणी सुधारतं, चिखल बिघडतो. म्हणजे अशा प्रत्येक बागेच्या पोटात एक विषारी ठेव साठत जाते आणि ती कधीतरी उपसून सुरक्षित जागी पुरायचा खर्च कुणालातरी करावा लागतो. बागेच्या उद्घाटनाच्या बातम्यांत हा खर्च सहसा येत नाही.

तुम्ही इचलकरंजीचे, म्हणून कापडाच्या पाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो. सायझिंगची खळ धुतली की पाण्यात स्टार्च उतरतो. तो जिवाणूंचं आवडतं खाद्य; तो पाणथळीत सहज जिरतो. रंग तितके सोपे नाहीत. कापसाच्या कापडासाठी वापरले जाणारे पुष्कळ रंग ॲझो जातीचे असतात. बिनहवेच्या चिखलात त्यांचे बंध तुटतात आणि रंग उडतो. पण तुटून जे उरतं त्यातले काही अमाइन मूळ रंगापेक्षा घातक असू शकतात. ते मोडायला पुन्हा भरपूर प्राणवायू लागतो. त्यामुळे बाहेर पडलेलं पाणी नितळ दिसतं म्हणून खूश होऊ नये, ते तपासूनच घ्यावं. आणि रंगाईत कापडावर रंग चढावा म्हणून जे मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट पोत्यांनी ओततात, त्याला पाणथळ हातही लावत नाही. उलट उन्हात पाण्याची वाफ होते तसं उरलेलं पाणी आणखी खारट होतं. हे मीठ काढायला पडद्यांची, उकळून आटवण्याची यंत्रणा कारखान्याच्या आवारातच लागते. नदीपर्यंत पोचल्यावर उशीर झालेला असतो.

शिवाय आकाराचा प्रश्न आहे. २४ लाख लिटर ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण हुआंगपू एवढं पाणी काही सेकंदांत वाहून नेते. होउतानने हुआंगपू स्वच्छ केली, असं म्हणणं चुकीचं ठरेल; त्या बागेने हुआंगपूचं थोडं पाणी स्वच्छ केलं. पूर्ण बाग १४ हेक्टरची. त्याच प्रमाणाने हिशेब केला, तर दिवसाला एक कोटी लिटरसाठी सुमारे ५८ हेक्टर, म्हणजे १४४ एकर लागतील. बागेतल्या पायवाटा, बैठका, शोभेची शेती वगळली तर बऱ्याच कमी जागेत भागेल, तरी कित्येक एकर लागतीलच. पंचगंगेकाठची मळीची जमीन, तीही उसाखालची, एवढी कोण सोडणार? आणि सोडली तरी २०१९ आणि २०२१ सारखा महापूर आला की वाफे, झाडं आणि तळाचा तो धातूंचा चिखल, सगळं शिरोळच्या दिशेने जाईल. हुआंगपूला भरती-ओहोटी आहे, पण पंचगंगेसारखा पूर पट्टीवर पट्टी चढत आठवडाभर मुक्काम करत नाही.

मग असं काहीच करू नये का? करावं, पण क्रम पाळून. या क्रमाचं सर्वांत चांगलं उदाहरण मला शांघायपेक्षा जर्मनीच्या रुर खोऱ्यात दिसतं. तिथली एम्शर नदी शंभर वर्षं उघडं गटार होती, आणि ती अपघाताने तशी झाली नव्हती, ठरवून केली होती. खाली कोळशाच्या खाणी असल्यामुळे जमीन खचायची आणि जमिनीतले सांडपाण्याचे नळ फुटायचे. म्हणून १८९९ मध्ये खाणमालक, कारखानदार आणि नगरपालिकांनी मिळून एक संघ काढला आणि नदीच काँक्रीटच्या पन्हळीत घालून तिच्यातून सगळ्यांचं सांडपाणी वाहू दिलं. खाणी बंद झाल्या, जमीन स्थिरावली, तेव्हा १९९० च्या दशकात काम उलटं सुरू झालं. आधी ५१ किलोमीटर लांबीची मुख्य सांडपाणी वाहिनी खोल जमिनीखाली नेली. घाण पाणी नदीतून बाहेर काढल्यावरच काँक्रीट फोडलं, वळणं परत दिली, काठ हिरवे केले. साधारण ५.५ अब्ज युरो आणि तीस वर्षं गेली. २०२१ च्या अखेरीस एम्शर सांडपाण्यातून मुक्त झाली. गंमत म्हणजे हे करणारा संघ तोच, १८९९ चा. ज्यांनी नदी घाण केली मुख्यतः त्यांच्याच वर्गणीतून ती साफ झाली, हा भाग मला सगळ्यात जास्त शिकण्यासारखा वाटतो. एम्शरच्या परिसरातच, १९८५ मध्ये बंद पडलेल्या डुइसबुर्गच्या लोखंडाच्या कारखान्यात पेटर लाट्स यांनी उद्यान केलं. तिथेही सांडपाणी आधी जमिनीखालच्या नळात घातलं. वरच्या कालव्यात फक्त पावसाचं पाणी खेळतं.

तुमच्या गावात हाच क्रम लावायचा तर रंगाईचं पाणी प्रोसेस हाऊसच्या दारातच अडवायला हवं आणि मीठ तिथेच निघायला हवं. घरगुती सांडपाणी मात्र पाणथळीने साफ करता येतं. नागपूरच्या ‘नीरी’ने त्यासाठी ‘फायटोरिड’ नावाची पद्धत विकसित केली आहे: खडीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस लावायचं आणि त्याखालून मैला पाणी वाहू द्यायचं. वर पाणी दिसत नाही, त्यामुळे डासही कमी. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात तिचा प्रकल्प उभारला गेला. एखाद्या वसाहतीचं, शाळेचं, नाल्याच्या एका फाट्याचं पाणी यात बसतं. असे दहा-वीस वाफे नाल्यांच्या तोंडाशी झाले, तर नदीकाठी एक भव्य बाग बांधण्यापेक्षा ते मला जास्त उपयोगी वाटतात. अर्थात त्यांचे ड्रोनने फोटो काढायला मजा येत नाही.

राहिला भात. होउतानमध्ये भात, सूर्यफूल, मोहरीसारखी पिकं ऋतूप्रमाणे लावली, ती मुख्यतः शहरी माणसाला शेतीचं चक्र दिसावं म्हणून. कारखान्याच्या पाण्यावरचा भात मी तरी खाणार नाही, आणि याचं कारण भाताच्या शेतातच आहे. खाचर पाण्याने भरलेलं असतं तोवर कॅडमियम सल्फाइडला बांधलेलं राहतं. दाणा भरताना आणि कापणीआधी पाणी काढून टाकलं की चिखलात हवा शिरते, कॅडमियम सुटं होतं आणि नेमक्या त्याच दिवसांत दाण्यात चढतं. जपानमध्ये तोयामाच्या जिंझू नदीकाठी हेच झालं. वरच्या बाजूच्या कामिओका खाणीतून आलेलं कॅडमियम नदीच्या पाण्यातून खाचरांत उतरलं. तो भात खाऊन आणि ते पाणी पिऊन लोकांची, विशेषतः वयस्क बायकांची, मूत्रपिंडं आणि हाडं इतकी निकामी झाली की खोकल्यानेही बरगड्या मोडायच्या. १९६८ मध्ये सरकारने या आजाराचं कारण अधिकृतपणे मान्य केलं. त्यानंतर शेतांची वरची माती बदलायचं काम सुरू झालं, ते २०१२ मध्ये संपलं.