घोळ ओळखताना घोळ नको

गेल्या ऑगस्टमध्ये सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे डब्लिनला आल्या. जेट लॅगमुळे पहाटे चारला जाग, आणि उजाडले की बॅकयार्डात फेरी. तिसऱ्या दिवशी मी उपटलेले तण हिरव्या डब्यात टाकत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, घोळ टाकतेस की काय?"

टोमॅटोच्या वाफ्यात ड्रिपच्या नळीलगत पसरणारे ते तण काढायला आम्ही माळ्याला पैसे देतो. आणि हीच जुडी मी एकदा शेतकरी बाजारातून तीन डॉलरला आणली होती!

सासूबाईंनी अर्धी टोपली खुडली. मी निवडायला बसले, तर एका काडीचा पांढरा चीक बोटाला लागला. घोळाला चीक नसतो. वाफ्यात दोन वेगळी तणे एकमेकांत गुंतून वाढली होती आणि सासूबाईंनी चष्मा लावलेला नव्हता. मग दोघींनी मिळून सगळी टोपली पुन्हा एकेक काडी मोडून पाहिली. मंडळी, हा लेख त्या टोपलीमुळे.

घोळाचे देठ गुळगुळीत, रसदार, लालसर. पाने जाड, टोकाला गोल. फुले पिवळी, उन्हात उमलणारी. मोडल्यावर पाण्यासारखा रस येतो. विदर्भातली चिवळ ही त्याचीच बारीक पानांची बहीण. दुसरे तण म्हणजे स्पॉटेड स्पर्ज. तेही जमिनीलगतच पसरते, पण देठ तारेसारखे बारीक, पाने पातळ आणि पानावर बहुधा तांबूस डाग. त्याचा चीक कातडीला झोंबतो, पोटात गेला तर मळमळ, उलट्या. म्हणून प्रत्येक काडी मोडायची. सॉफ्टवेअरमध्ये नमुना तपासून भागते, भाजीत नाही.

चाकवतही इथे आपोआप उगवतो. कोवळ्या पानांवर पिठासारखी पांढरी भुकटी असते. मात्र एक पथ्य कडक पाळा : कोथिंबिरीसारखे किंवा गाजरासारखे पान असलेले कोणतेही रानटी झाड तोंडात घालू नका. आपल्या ओढ्यांच्या काठी वाढणारे पॉयझन हेमलॉक नेमके तसेच दिसते. त्याच्या गुळगुळीत पोकळ देठावर जांभळे डाग असतात, आणि ते जीवघेणे विषारी आहे. मुलांनी काही खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता पॉयझन कंट्रोलला १-८००-२२२-१२२२ वर फोन करा. श्वास किंवा शुद्ध हरपत असेल तर थेट ९११.

आता जमीन. २०१४-१५ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक फिलिप स्टार्क आणि सहकाऱ्यांनी ईस्ट बेच्या तीन गरीब वस्त्यांतल्या रस्त्याकडेच्या रानभाज्या तपासल्या. दुष्काळातही पाला भरपूर होता. काही ठिकाणी मातीत शिसे जास्त निघाले, पण धुतलेल्या पाल्यात ते सुरक्षित मर्यादेत होते. कीटकनाशके आणि ग्लायफोसेट आढळलेच नाहीत. २०१९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तरी मी यातून परवानगी काढत नाही, कारण तुमच्या वाफ्यात काय फवारले ते तुम्हालाच ठाऊक. काही तणनाशके जमिनीत महिनोन्‌महिने राहतात. आमच्या कुंपणाकडेच्या पट्ट्यात नवऱ्याने गेल्या वर्षी असे औषध मारले होते. तिथला घोळ कितीही टवटवीत दिसला तरी आम्ही सोडून दिला. असोसिएशनच्या सामाईक जागेतले काही तोडू नका. रीजनल पार्कात तर तोडायला बंदीच आहे. पश्चिम डब्लिनमधली बरीच घरे १९६० च्या दशकातली, म्हणजे १९७८ साली घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली त्याआधीची. तिथे भिंतीलगतची माती आधी तपासून घ्या.

घोळाच्या १०० ग्रॅम पानांत साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम ओमेगा-३ असते. पालेभाजीला हे खूपच, पण हे वनस्पतीतले ओमेगा-३. शरीर त्याचा थोडाच भाग माशातल्यासारख्या रूपात बदलते. त्यामुळे बांगडा सोडायचे कारण नाही. दुसरी बाजू ऑक्झलेटची. घोळात ते पालकाइतके भरपूर असते, चाकवतातही असते. ज्यांना मूतखडा झाला आहे त्यांनी ही भाजी टाळावी. वॉरफरीन घेणाऱ्या आईवडिलांना डॉक्टरांना विचारूनच द्यावी. इतरांनी पाला उकळून पाणी ओतून द्यावे, ऑक्झलेट कमी होते. आणि वर ताक! ताकातले कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. ताकातला चाकवत करणाऱ्या आज्यांना हे रसायन कुणी शिकवले होते?

सासूबाईंची पद्धत अशी : उकळून पिळलेला घोळ, भिजवलेली हरभरा डाळ, ताकात कालवलेले बेसन, वरून लसणाची फोडणी. पाला दुपारनंतर खुडायचा, असे त्या म्हणतात. त्यालाही कारण आहे. पाणी कमी पडले की घोळ रात्री पानांत आम्ल साठवतो आणि दिवसा वापरतो, म्हणून सकाळचा पाला जास्त आंबट.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. आमच्या वाफ्यात बैल कुठला? त्या दिवशीच्या भाजीत अळू, माठ, भेंडी, मक्याबरोबर घोळही पडला.

माळीकाका मेक्सिकोचे. मी त्यांना ड्रिपजवळचा पट्टा सोडायला सांगितला, तर ते हसले. "व्हेर्दोलागास!" त्यांच्या घरी तो डुकराच्या मटणात घालतात. आता महिन्यातून एकदा एक पिशवी ते घेऊन जातात.