मलमाची ट्यूब सोबत न्या

जपानमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. अंगावरचा चट्टा किंवा पुरळ दाखवायला इथल्या ‘हिफुका’त, म्हणजे त्वचेच्या दवाखान्यात, जाणार असाल तर भारतात त्यावर जे जे लावलंत त्याची ट्यूब बरोबर न्या. संपलेली, चेपलेली असली तरी चालेल. आणि भारतात शेवटचं कधी जाऊन आलात, हे कुणी विचारलं नाही तरी सांगा.

आम्ही तोक्योच्या निशिकासाई भागात राहतो. गणपतीला पुण्याला गेले असताना माझ्या कमरेवर, सलवारीची नाडी काचते त्या जागी, गजकर्ण उठलं. मेडिकलवाल्याने हातावर ठेवलेल्या ट्यूबने खाज लगेच बसली. इकडे परतल्यावर मलम लावलं की बरं वाटायचं, थांबवलं की दुप्पट जोराने उठायचं. गजकर्णाची ती ओळखीची गोल, उठावदार किनार कधीच पुसली गेली होती. मागे राहिला होता तो बारीक पुटकुळ्यांचा, कडा नसलेला काळपट पट्टा.

घराजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खुर्चीतूनच पाहिलं, एक्झिमा म्हणाले आणि स्टिरॉइडचं मलम लिहून दिलं. तपासणी अशी झालीच नाही. पुढच्या काही आठवड्यांत चट्टे मांडीपर्यंत उतरले. या गोष्टीचा राग मला आजही आहे. खरवडून पाहायला जेमतेम पाच मिनिटं लागतात.

हे मला दुसऱ्या दवाखान्यात कळलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चट्ट्याच्या कडेवरून पात्याने हलकेच कोंडा खरवडला, काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि शेजारच्याच सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग मलाही बघायला बोलावलं. पेशींच्या फिकट जाळीतून आरपार गेलेले, फांद्या फुटलेले धागे स्पष्ट दिसत होते. ही बुरशी होती. नंतर त्यांनी माझी ट्यूब हातात घेतली आणि बारीक अक्षरांतली नावं एकेक करून वाचली. बुरशीवरचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल. जपानमध्ये स्टिरॉइड मलमांच्या पाच पायऱ्या मानतात, त्यातली सर्वांत वरची क्लोबेटासोलची. ते सूज आणि खाज दाबतं, त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबतं. वरून रोग शांत दिसतो आणि खाली बुरशी मोकाट वाढते. आपल्याकडे अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी ती काउंटरवर सर्रास मिळतात.

देशाचं नाव सांगायचं ते कशासाठी? भारतात गेली काही वर्षं गजकर्णाची एक चिवट बुरशी पसरली आहे, तिच्यावर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध बऱ्याचदा चालत नाही. २०२० साली तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिए’ हे नाव मिळालं, तेही जपानी संशोधकांकडून आणि जपानमध्येच राहणाऱ्या भारतीय व नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून. ‘भारतातून आले’ एवढं ऐकल्यावर जाणत्या डॉक्टरांचा विचार दुसऱ्या औषधाकडे वळतो. मला इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल मिळाल्या. त्या जेवणानंतर लगेच घ्यायच्या. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी त्यांचा असर कमी होतो आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर त्या मुळीच चालत नाहीत. म्हणून बीपी, कोलेस्टेरॉल, ॲसिडिटी, ज्याच्या गोळ्या चालू असतील त्या सगळ्या सांगा. इथल्या औषधाच्या दुकानात ‘ओकुसुरी तेच्यो’ नावाची छोटी वही मिळते, तीत प्रत्येक औषधाची चिठ्ठी चिकटवतात. भारतातली औषधंही तीत लिहून ठेवा, पण कंपनीचं नाव नको, मूळ औषधाचं लिहा. आपले ब्रँड इथं कुणाला ठाऊक नसतात.

आणखी एक गोष्ट, जी इथं कुणी आपणहून सांगत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर सूज लाल दिसत नाही. ती तपकिरी, जांभळट, कधी नुसती काळी दिसते. गोऱ्या त्वचेची सवय असलेल्या नजरेला ती जुना डाग वाटू शकते. म्हणून खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात अधूनमधून फोटो काढून ठेवा आणि ते दाखवा. जांघेत असेल तर संकोच न करता तेही दाखवा. फोन करतानाच बाई डॉक्टर आहेत का ते विचारता येतं. तपासणीआधी काही दिवस बुरशीचं मलम लावू नका, नाहीतर खरवडूनही धागे सापडत नाहीत. आणि कुणी खरवडत नसेल तर सरळ विचारा, ‘बुरशीची तपासणी कराल का?’ हे वाक्य जपानीत कागदावर लिहून नेलं तर डॉक्टर शांतपणे वाचतात. बोलताना घाईत आपलं निम्मं राहून जातं.

पैशांची धास्ती नको. तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्याला आरोग्य विमा घ्यावाच लागतो आणि बहुतेकांना खर्चाचा ३० टक्के भाग भरावा लागतो. मात्र थेट मोठ्या रुग्णालयात जाऊ नका. छोट्या दवाखान्याची चिठ्ठी नसेल तर अशा बऱ्याच ठिकाणी पहिल्या भेटीला ७,००० येन किंवा त्याहून जास्त वेगळे घेतात. तोक्योत इंग्रजी बोलणारा दवाखाना हवा असेल तर ‘हिमावारी’ ही सरकारी सेवा फोनवर शोधून देते.

उपचार लांबतो, त्याची तयारी ठेवा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर सगळ्यांनी एकदमच औषध घ्यायचं, टॉवेल वेगळे ठेवायचे, आतले कपडे पूर्ण वाळवूनच घालायचे. पावसाळ्यात तोक्योच्या छोट्या बाल्कनीत ते कठीण जातं, आम्ही नाण्यांवर चालणाऱ्या ड्रायरमध्ये टाकून आणायचो. चट्टा गेला तरी डॉक्टर सांगतील तोवर औषध सोडायचं नाही. मागे काळे डाग बरेच महिने राहतात. ती बुरशी नव्हे, नुसता रंग आहे. तो घालवायला पुन्हा कुठलीही ट्यूब आणू नका, मावशीने प्रेमाने पाठवलेली असली तरीही.