पंखा बिघडला की वाट तुंबली?

गरम चहा लवकर निववायचा असला की आपण तो बशीत ओततो आणि वर फुंकर घालतो. बशीत पसरल्यामुळे चहाचा पृष्ठभाग वाढतो. फुंकरीमुळे त्यावरची तापलेली, दमट हवा दूर जाते आणि तिची जागा ताजी हवा घेते. संगणकावरील मोठे खेळ खेळण्यासाठी जे खास लॅपटॉप मिळतात, त्यांच्या पोटात याच्याशी मिळतीजुळती युक्ती असते. बशीच्या जागी तेथे धातूच्या पातळ पट्ट्या असतात आणि फुंकर घालण्याचे काम बहुधा दोन लहान पंखे करतात.

अशा लॅपटॉपबद्दल काही वर्षांनी एक तक्रार वरचेवर ऐकू येते. खेळ ऐन रंगात आला की चित्र अडखळू लागते, पंख्याची घरघर वाढते आणि कधी यंत्र मध्येच बंद पडते. पाहणारा लगेच निदान करतो, "पंखा गेला!" नवा पंखा येतो, पैसे खर्च होतात आणि कधी कधी दुखणे जिथल्या तिथेच राहते. असे का व्हावे? कारण पंखा ही एका साखळीची शेवटची कडी आहे. साखळी कोठे तुटली हे न पाहता तीच कडी बदलणे म्हणजे पाणी येत नाही म्हणून नळाची तोटी बदलण्यासारखे आहे. टाकीच रिकामी असेल तर?

उष्णतेची वाट

लॅपटॉपमध्ये उष्णता निर्माण करणारी मुख्य ठिकाणे दोन : प्रोसेसर आणि चित्रे तयार करणारी ग्राफिक्स चिप. मोठा खेळ चालू असताना दोन्ही मिळून शंभर वॅटहून अधिक वीज सहज वापरतात, आणि या विजेचे अखेर उष्णतेतच रूपांतर होते. म्हणजे जुन्या पद्धतीचा १०० वॅटचा तापणारा दिवा दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या पेटीत लावून ठेवल्यासारखेच झाले!

ही उष्णता बाहेर कशी पडते ते पाहू. चिपवर तांब्याची एक चकती बसवलेली असते. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांवर सूक्ष्म उंचवटे असतात व त्यांच्यामध्ये हवा अडकते. हवा ही उष्णतेची मंद वाहक असल्याने ती घालवण्यासाठी मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर देतात. चकतीला चपट्या केलेल्या तांब्याच्या नळ्या जोडलेल्या असतात. या नुसत्या नळ्या नव्हेत, तर उष्णतानलिका आहेत. आत अगदी थोडे पाणी कमी दाबाखाली बंद केलेले असते. दाब कमी असल्याने ते १०० अंशांच्या बरेच खाली उकळते. तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाकडे जाते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते आणि घेतलेली उष्णता ती सोडून देते. नळीच्या आतल्या बाजूस सच्छिद्र अस्तर असते. त्यातून पाणी केशाकर्षणाने परत येते, जसे दिव्याच्या वातीतून तेल चढते तसे. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली विकसित केलेली ही युक्ती पुढे अवकाशयानांतही वापरली गेली.

नळीचे दुसरे टोक धातूच्या पट्ट्यांच्या दाट जाळीत शिरते. पंख्याची हवा या जाळीतून जाते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते. चिप, पेस्ट, चकती, उष्णतानलिका, जाळी, हवा : हा क्रम लक्षात ठेवा. यातील कोणतीही कडी बिघडली तरी चिप तापते.

थोडे गणित

उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानातील वाढ, हे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे. समजा, दर सेकंदाला १२० ज्यूल उष्णता बाहेर टाकायची आहे. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम, तर तिचा विशिष्ट उष्मा दर ग्रॅमला, दर अंशाला सुमारे १ ज्यूल. पंख्यांनी सेकंदाला ५ लिटर, म्हणजे ६ ग्रॅम हवा ढकलली, तर ती १२० ÷ ६ = २० अंशांनी तापेल. खोलीत ३० अंश असतील तर बाहेर पडणारी हवा ५० अंशांची होईल. आता धुळीने अर्धी वाट अडली असे समजा. हवा ३ ग्रॅमच गेली, तर वाढ ४० अंशांची, म्हणजे हवाच ७० अंशांची! चिप तर याहून कितीतरी गरम असते.

पण चिपला तापण्याची मर्यादा ठरवून दिलेली असते. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांत ती ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ती गाठली की प्रोसेसर जळून जाऊ नये म्हणून स्वतःची गती उतरवतो; तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद होते. तेव्हा चित्राचे अडखळणे हे यंत्राने स्वतःला वाचवण्याचे लक्षण असू शकते.

पंख्याची रचना

हा पंखा छतावरच्या पंख्यासारखा नसतो. कणसे भाजणाऱ्याच्या गाडीवरील हाताने फिरवायचा ब्लोअर आठवा. हवा मधल्या भोकातून आत येते आणि पात्यांमुळे कडेने बाहेर फेकली जाते. मोटरला ब्रश नसतात. फिरणाऱ्या चुंबकाची जागा हॉल संवेदक ओळखतो आणि त्यानुसार वेटोळ्यांतील विद्युतप्रवाह बदलला जातो. ज्या परिणामावर हा संवेदक चालतो, तो एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधला.

बहुतेक पंख्यांना चार तारा असतात. दोन विजेच्या, एक वेगाचा हुकूम देणारी आणि एक वेगाची खबर परत आणणारी. खबरेच्या तारेवर सामान्यतः एका फेरीस दोन स्पंद येतात. सेकंदाला १५० स्पंद आले, तर पंखा सेकंदाला ७५, म्हणजे मिनिटाला ४,५०० फेरे घेत आहे. हे फेरे आणि चिपचे तापमान पडद्यावर दाखवणारे प्रोग्रॅम मिळतात. पुष्कळ लॅपटॉपमध्ये तो आधीच घातलेला असतो.

दोष कोठे आहे?

आता वैद्याप्रमाणे लक्षणे तपासू. लॅपटॉप टेबलावर ठेवा. गादीवर ठेवल्यास खालची भोके बुजतात आणि निदान चुकते. मोठा खेळ दहा मिनिटे चालवा आणि हवा बाहेर पडते तेथे कागदाची अरुंद पट्टी धरा.

१. फेरे भरपूर, पण पट्टी जेमतेम हलते आणि हवा खूप गरम आहे : जाळीत धूळ दाटली आहे. पंखा निर्दोष आहे. सफाई करा.

२. पट्टी जोरात फडफडते, हवा मात्र कोमट, आणि चिप मर्यादेला टेकलेली : उष्णता जाळीपर्यंत पोहोचतच नाही. पेस्ट वाळली असावी, चकती नीट टेकली नसावी किंवा क्वचित उष्णतानलिका निकामी झाली असावी. येथे नवा पंखा आणून काहीही लाभ नाही.

३. खरखर वा घरघर ऐकू येते, लॅपटॉप तिरपा केला की आवाज बदलतो, फेरे कमीजास्त होतात : बेअरिंग झिजले आहे. पंखा बदलण्याची वेळ आली.

४. पंखा फिरतच नाही : प्रथम तारेची जोडणी सैल आहे का पाहा. यंत्र बंद असताना पाते बोटाने फिरवा. ते अडखळले तर दोष पंख्यात आहे. सहज फिरले, तर मोटर, तार किंवा मुख्य पाटी यांपैकी काहीही असू शकते. अशा वेळी जाणत्याकडून पंख्याला वीज पोहोचते का हे मोजून घ्यावे.

खरखर थांबवण्यासाठी कोणी खोबरेल तेल सोडतात. तसे करू नये. ते थंडीत गोठते आणि त्यावर धूळ बसून चिकटा होतो.

पंखा बदलताना

हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करावे; हमीची मुदत चालू असेल तर दुकानातच न्यावे. यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढा. झाकण उघडल्यावर सर्वप्रथम बॅटरीची जोडणी सोडवा. बॅटरी फुगलेली दिसली तर तेथेच थांबा. तिला दाबू वा टोचू नका. लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्याचा स्क्रू त्याच जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. पंख्याची जोडणी काढताना तारा ओढू नका. प्लॅस्टिकच्या टोकाने खाच हळूच उचला. धूळ झटकताना पाते काडीने धरून ठेवा. हवेच्या झोताने ते मर्यादेपलीकडे फिरले तर बेअरिंग खराब होते.

नवा पंखा आणताना लॅपटॉपचे नाव सांगून भागत नाही. डावा व उजवा पंखा वेगळे असतात. जुन्या पंख्यावर छापलेला क्रमांक, व्होल्ट (५ किंवा १२) आणि तारांची संख्या जुळवून घ्या. काही लॅपटॉपमध्ये पंखा काढण्यासाठी तांब्याची चकतीही उचलावी लागते. तसे केले तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावलीच पाहिजे. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. पेस्टऐवजी चांदीसारखा चकाकणारा द्रव दिसला तर हात लावू नका. तो गॅलियमचा मिश्रधातू असतो. तो वीज वाहतो आणि ॲल्युमिनियम खातो.

करून पाहा

दुरुस्तीपूर्वी व नंतर तोच खेळ पंधरा मिनिटे चालवून दर मिनिटाला चिपचे तापमान, तिची गती व पंख्याचे फेरे लिहून आलेख काढा. तुलना करताना चिपच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करा. मे महिन्यातील चंद्रपूर आणि डिसेंबरातील महाबळेश्वर येथील आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवून काय कळणार? शिक्षकांना हा प्रयोग 'उष्णता' या पाठाबरोबर वर्गात घेता येईल. त्यासाठी बिघडलेला लॅपटॉपच हवा असे नाही. चांगल्या लॅपटॉपची मागची कड दोन पेन्सिलींवर उचलून धरली तर आलेखात काय फरक पडतो, एवढे पाहिले तरी पुरे.

आणि जाता जाता एक प्रश्न : दुरुस्तीनंतर चिपचे तापमान पूर्वीइतकेच राहिले, पण गती मात्र वाढली. मग दुरुस्ती फुकट गेली का? साखळीतील कड्या पुन्हा आठवा आणि उत्तर स्वतः शोधा.